भारतीय खलाशी आणि परकीय बंदरांतील प्रवेशबंदी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कोकणात एखाद्याविषयी 'तो बोटीवर असतो' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात सिंगापूर, लंडन, न्यूयॉर्क अशी नावे उभी राहतात. बोटीवरचा माणूस जग पाहून आलेला असतो, असा आपला समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. असंख्य खलाशांनी ही शहरे पाहिली ती जहाजाच्या कठड्याशी उभे राहून. जहाज धक्क्याला लागते, माल उतरतो, नवा माल चढतो, आणि ज्यांनी तो माल सातासमुद्रापार आणला त्यांना मात्र शिडी उतरण्याची मुभा नसते.

बंदरात जहाज उभे असताना खलाशाला काही तास जमिनीवर जाण्याची जी सवलत मिळते, तिला जहाजावर 'शोअर लीव्ह' म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'किनारा-रजा' हा शब्द योजला आहे. या रजेवरील निर्बंधांची चर्चा बहुधा ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यापासून सुरू केली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही सुरुवात फार उशिराची आहे. निर्बंधांचे मूळ वसाहतकालीन खलाशी-कायद्यांत आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील स्थलांतर-कायद्यांत सापडते. या इतिहासात एक गोष्ट वारंवार घडलेली दिसते. शिडी बंद का, असा प्रश्न निघाला की 'खलाशाची ओळख पक्की नाही' असे उत्तर मिळते. त्यावर अधिक पक्के ओळखपत्र तयार होते. आणि तरीही शिडी बंदच राहते.

लास्कर करार : उतरणे आणि राहणे

ब्रिटिश जहाजांवरील भारतीय खलाशांना 'लास्कर' म्हणत. फारसीतील 'लश्कर' या शब्दाचे हे रूप मराठी वाचकाला परके वाटू नये. सारंग, टंडेल, खलाशी, भंडारी अशी त्यांची उतरंड असे. मुंबई बंदरातून जाणाऱ्या डेकवरील माणसांत रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता, तर प्रवासी बोटींवरील वाढपी आणि स्वयंपाकी प्रायः गोव्याचे असत. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे पन्नास हजार लास्कर काम करीत होते.

ही माणसे ज्या करारावर जात तो युरोपीय खलाशांच्या करारापेक्षा वेगळा होता. वेतन कितीतरी कमी होतेच. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची अट परतीची होती. १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने लास्करांना जहाजवाहतुकीपुरते ब्रिटिश खलाशी मानण्याचे नाकारले आणि त्यांना मायदेशी परत नेण्याची जबाबदारी जहाजमालकांवर टाकली. १८९४ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टच्या कलम १२५ ने याच व्यवस्थेला नेमके रूप दिले. या कलमान्वये भारतात करार करतानाच खलाशाला बांधून घेता येई की, इंग्लंडच्या बंदरात पोहोचल्यावर तो भारताकडे निघालेल्या जहाजावर पुन्हा करार करील. म्हणजे दुसरा करार स्वखुशीने करण्याचे बंधन पहिल्याच करारात असे! कायद्याच्या भाषेत अशा गमती पुष्कळ असतात.

असे असले तरी लास्कराला लंडनच्या रस्त्यावर पाऊल टाकण्यास सरसकट मनाई नव्हती. तो गोदीबाहेर जाई, बाजारहाट करी. जहाज न मिळालेल्या, रस्त्यावर आलेल्या आशियाई खलाशांसाठी १८५७ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात 'स्ट्रेंजर्स होम' ही वास्तू सुरू झाली आणि ती १९३७ पर्यंत चालली. साम्राज्याला भीती होती ती खलाशी तेथे राहील याची. तो तासभर उतरेल याची नव्हे. उतरणे आणि राहणे यांतील हा फरक एकोणिसाव्या शतकात बऱ्याच अंशी शाबूत होता. तो पुसला गेला विसाव्या शतकात.

कागद असूनही परका

इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धानंतर बेकारी वाढली आणि १९१९ मध्ये कार्डिफ, लिव्हरपूलसारख्या बंदरांत कृष्णवर्णीय खलाशांवर हल्ले झाले. पुढे १९२५ मध्ये 'कलर्ड एलियन सीमेन ऑर्डर' या नावाने ओळखला जाणारा आदेश निघाला. ज्या गौरेतर खलाशाजवळ ब्रिटिश प्रजाजन असल्याचा लेखी पुरावा नसेल, त्याने पोलिसांकडे परकीय म्हणून नोंद करावी, असा त्याचा आशय होता. आता साम्राज्यातील किती खलाशांजवळ पारपत्र असणार? त्यांच्या हाती असे ती नोकरीची नोंदवही, आणि तिने राष्ट्रीयत्व सिद्ध होत नसे. परिणामी जन्माने ब्रिटिश प्रजा असलेल्या अनेक भारतीय, अरब आणि आफ्रिकी खलाशांची नोंद परकीय म्हणून झाली. गोमंतकीयांची स्थिती तर कायद्याने अधिकच अवघड होती. ते पोर्तुगालचे प्रजाजन असल्याने परकीयच ठरत. हा आदेश दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये रद्द झाला. तोवर युद्धसामग्री वाहण्यासाठी याच माणसांची निकड निर्माण झाली होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

अटलांटिकपलीकडे याहून दूरगामी परिणाम करणारी गोष्ट घडली. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने 'एशियाटिक बार्ड झोन' आखून भारतासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांचे स्थलांतर रोखले होते. १९२४ च्या स्थलांतर-कायद्याच्या कलम २० ने जहाजाच्या मालकावर आणि कप्तानावर थेट जबाबदारी टाकली. अधिकाऱ्याची तपासणी होईपर्यंत आणि तपासणीनंतरही आदेश असल्यास परकीय खलाशाला जहाजावर अडकवून ठेवावे. न ठेवल्यास दर खलाशामागे एक हजार डॉलर दंड. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. एका लास्कराच्या अनेक वर्षांच्या वेतनाहून ती अधिक भरे.

या तरतुदीने कप्तानाच्या भूमिकेत मूलभूत बदल झाला. सरहद्दीवर पहारा देणे हे शासनाचे काम. ते आता जहाजाकडे आले, आणि खर्चही जहाजाकडेच आला. कप्तानापुढील हिशेब सरळ होता. खलाशाला चार तास रजा दिली आणि तो परतला नाही तर हजार डॉलर जाणार. रजाच नाकारली तर काहीच जाणार नाही. मग ज्या वंशाच्या खलाशांविषयी अधिकाऱ्यांना अधिक संशय, त्यांची रजा आधी कापली जाणे ओघानेच आले. उतरणारा प्रत्येक माणूस राहणाराच आहे, असे गृहीत धरले गेले. गंमत अशी की या पहाऱ्याने पळणे थांबले नाही. विवेक बाल्ड यांनी 'बंगाली हार्लेम' (२०१३) या ग्रंथात बंगालचे मुसलमान खलाशी न्यूयॉर्कमध्ये जहाज सोडून हार्लेमसारख्या वस्त्यांत कसे स्थिरावले याचा मागोवा घेतला आहे. जे जायचे ते गेले; शिक्षा झाली ती परत येणार होते त्यांना.

ओळखपत्राची दीर्घ कथा

दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर हाताळण्याचे प्रयत्न झाले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५८ मध्ये खलाशांच्या ओळखपत्राविषयीचा करार क्रमांक १०८ संमत केला. वैध ओळखपत्र असलेल्या खलाशाला जहाज बंदरात असेपर्यंत किनारा-रजेसाठी प्रवेश द्यावा, असे त्यात म्हटले होते. १९६५ च्या सागरी वाहतूक सुलभीकरण करारातही किनारा-रजेची तरतूद झाली. परंतु अमेरिकेने करार क्रमांक १०८ कधीच स्वीकारला नाही, आणि भारतानेही तो स्वीकारण्यास २००५ साल उजाडू दिले. ज्या देशाने जगाला एवढे खलाशी पुरवले त्याच्या शासनाची ही दिरंगाई समर्थनीय म्हणता येणार नाही.

२००१ नंतर सुरक्षेच्या नावाखाली नवी चौकट आली. डिसेंबर २००२ मध्ये लंडन येथे संमत झालेली जहाज व बंदर सुरक्षा संहिता, म्हणजे 'आयएसपीएस कोड', १ जुलै २००४ पासून लागू झाली. संहितेच्या प्रास्ताविकात खलाशांना किनारा-रजेची आणि किनाऱ्यावरील वैद्यकीय व कल्याणकारी सोयींची गरज असते, असे नमूद आहे. पण प्रास्ताविकातील वाक्य आणि फाटकावरील पहारेकरी यांत अंतर असते. त्याच सुमारास, जून २००४ मध्ये, अमेरिकेने संपूर्ण खलाशी-यादीला एकत्रित व्हिसा देण्याची पद्धत बंद केली. प्रत्येक खलाशाने वकिलातीत जाऊन स्वतंत्र व्हिसा मिळवावा, असा नियम झाला. जहाज कोणत्या बंदराला जाणार हेच अनेकदा ऐनवेळी ठरते; समुद्रात असलेल्या माणसाने मुलाखतीला कधी आणि कोठे जायचे? व्हिसा नसलेल्या खलाशाला जहाजावरच ठेवण्याचा आदेश निघतो, प्रसंगी शिडीपाशी खासगी पहारेकरी नेमावे लागतात आणि त्यांचे बिल जहाजाच्या नावे निघते. १९२४ चे तत्त्व येथे जसेच्या तसे टिकून आहे.

याला उत्तर म्हणून पुन्हा ओळखपत्रच पुढे आले. २००३ च्या करार क्रमांक १८५ ने बोटांच्या ठशांसह नवे ओळखपत्र आणले आणि ते धारण करणाऱ्याकडे किनारा-रजेसाठी व्हिसा मागू नये असे ठरवले. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. दरम्यान तंत्रज्ञान बदलले. २०१६ च्या दुरुस्तीने ठशांची जागा चिपमधील चेहऱ्याच्या प्रतिमेने घेतली, आणि २०१९ मध्ये भारताने तसे जैवमितीय ओळखपत्र देण्यास आरंभ केला. आपला खलाशी आज जगातील सर्वांत खात्रीशीर कागदांपैकी एक कागद खिशात बाळगतो. मात्र अमेरिकेने करार क्रमांक १८५ ही स्वीकारलेला नाही, त्यामुळे तेथील बंदरात हे ओळखपत्र व्हिसाची जागा घेऊ शकत नाही.

व्हिसा असला तरी दुसरी अडचण उभी राहते. आधुनिक कंटेनर टर्मिनल शहरापासून दूर असते, आवारात पायी चालण्यास मनाई असते, सोबतीच्या वाहनाचे दर मनमानी असतात. याविषयी तक्रारी वाढल्यावर अमेरिकी तटरक्षक दलाने खलाशांना आवारातून विनामूल्य जाऊ द्यावे असा नियम २०१९ मध्ये केला. त्याच्या अंमलबजावणीची तारीख १ जून २०२० होती. तोपर्यंत कोविडच्या साथीमुळे जगभरची बंदरे खलाशांना बंद झाली होती.

२०२० च्या अखेरीस सुमारे चार लाख खलाशी कराराची मुदत उलटूनही जहाजांवर अडकले होते. त्यांत भारतीयांची दोन जहाजे विशेष गाजली. ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन गेलेले 'जग आनंद' जून २०२० पासून चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर २३ भारतीयांसह नांगरून होते. 'अनास्तासिया' सप्टेंबरपासून चाओफेइदियानबाहेर, १६ भारतीयांसह. माल उतरवता येईना आणि माणसेही बदलता येईनात. अखेर 'जग आनंद' जपानमधील चिबा येथे गेले आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथे खलाशी बदलले. 'अनास्तासिया'वरील माणसे फेब्रुवारीत सुटली. या ३९ जणांपैकी कोणाच्याही ओळखीविषयी कोणी शंका घेतली नव्हती.