परमुलखाची वाट आणि विम्याचा कागद

पुण्याहून दक्षिणेकडे निघालेला महामार्ग सातारा मागे टाकून कराडच्या दिशेने उतरू लागला की मध्ये उंब्रज लागते. तारळी नदी येथे कृष्णेला मिळते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. बाकी गाव रस्त्यावरच्या कोणत्याही बाजारगावासारखे. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. या गावाशी आमचा संबंध येतो तो तेथून येणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे.

असाच एक माजी विद्यार्थी काही महिन्यांपूर्वी वडिलांना घेऊन आमच्याकडे आला. मोटारसायकलवरून आखातमार्गे युरोपपर्यंत जाण्याचे त्याने मनावर घेतले होते. सोबत इंग्रजी कागदांची जाडजूड फाईल होती आणि तिचा अर्थ आम्ही वडिलांना मराठीत सांगावा, एवढीच त्याची अपेक्षा होती. वडिलांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, गाडीचा विमा इथं भरलाय की. मग परक्या देशात परत कसला विमा? आणि हे बँकेचं जामीनपत्र कशापायी? माझं पोरगं काय पळून जाणार हाय का?"

प्रश्नात दोन शब्द होते, विमा आणि जामीन. आम्ही उत्तर दिले ते अर्धवटच होते. पुढे वाचत गेलो तेव्हा लक्षात आले की या दोन शब्दांमागे आपल्याच मुलखाचा सीमा ओलांडण्याचा मोठा इतिहास आहे. तो विमाप्रतिनिधीला ठाऊक असण्याचे कारण नाही, पण मराठीच्या अभ्यासकाला ठाऊक असायला हरकत नाही.

'विमा' हा शब्द फारसी 'बीमा'वरून आला. तो इंग्रजांच्या कंपन्यांनी आणला असा समज सर्रास आढळतो, तो चुकीचा आहे. १६९५ च्या सुमारास सुजनराय याने लिहिलेल्या 'खुलासत-उत्-तवारीख' या फारसी ग्रंथात हुंडीबरोबर विम्याचाही उल्लेख येतो. सराफ व्यापाऱ्याच्या मालाची जोखीम स्वतःकडे घेई आणि त्याबद्दल मोबदला आकारी. 'जामीन'ही फारसीतूनच आला. मराठी राज्यकारभारात त्याचे दोन प्रकार नित्याचे होते. हाजीर जामीन म्हणजे माणूस वेळेवर हजर होईल याची हमी. माल जामीन म्हणजे देणे बुडणार नाही याची हमी. हा भेद ध्यानात ठेवावा, तो पुढे उपयोगी पडणार आहे.

आता सीमेकडे वळू. उंब्रजच्या माणसाला परमुलूख शोधायला फार लांब जावे लागत नव्हते. १७३१ मध्ये सातारचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात वारणेचा तह झाला आणि वारणा नदी दोन मराठी राज्यांमधली सीमा ठरली. उत्तरेकडचा मुलूख सातारचा, दक्षिणेकडचा कोल्हापूरचा. एकमेकांचे चाकर एकमेकांनी ठेवू नयेत असेही त्या तहात ठरले. भाषा एक, देव एक, घराणेही एक. तरी नदीच्या पलीकडे गेलेला माणूस कोणाचा, हा प्रश्न उरलाच होता, आणि तो लिहूनच सोडवावा लागला.

अकरा मारुतींचा नकाशा या तहावर ठेवून पाहिला की गंमत दिसते. चाफळचे दोन, उंब्रज, मसूर, माजगाव, शिंगणवाडी, शहापूर, बहे-बोरगाव आणि शिराळा हे वारणेच्या उत्तरेला, तर मनपाडळे आणि पारगाव दक्षिणेला. समर्थांनी सतराव्या शतकाच्या मध्यात ही स्थाने उभी केली तेव्हा मधून अशी सीमा जात नव्हती. पाऊणशे-ऐंशी वर्षांनी ती मधून गेली. आज आमचे विद्यार्थी शनिवारी पहाटे मोटारसायकल काढून दीड-दोन दिवसांत अकराही मारुती करून येतात. वारणेचा पूल ओलांडताना आपण एके काळच्या दुसऱ्या राज्यात शिरलो, याची त्यांना दखलही नसते. असू नये, हे चांगलेच आहे.

सीमा होत्या, चौक्या होत्या, जकाती होत्या. तरी माल जात होता. कसा जात होता, याचे उत्तर 'हुंडेकरी' या शब्दात आहे. अमुक इतक्या एकरकमी मोबदल्यात माल ठिकाणी पोचवायचा, वाटेतल्या साऱ्या जकाती आपणच भरायच्या, असा करार करणारा तो हुंडेकरी. त्याचे भाडे ते हुंडाभाडे. व्यापाऱ्याला प्रत्येक नाक्यावर थैली सोडावी लागत नसे. सोबतीला बदरका, म्हणजे हत्यारबंद संरक्षक तुकडी असे. हाती दस्तक, म्हणजे परवाना असे. एवढे करूनही माल लुटला गेला तर भरपाईचा वाद व्हायचा तो होईच. पण वाद घालायला समोर एक नाव असे, हे महत्त्वाचे.

पश्चिमेला दुसरीच तऱ्हा होती. समुद्रावर पोर्तुगीजांनी 'कार्ताझ' नावाचा परवाना चालू केला होता. तो घेतल्याशिवाय गलबत दिसले की ते जप्त. म्हणजे धोका ज्याचा, त्याच्याकडूनच संरक्षण विकत घ्यायचे! विम्याच्या नावाखाली खंडणी कशी गोळा होते याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. सीमेवरच्या खोपटात बसून विमा विकणाऱ्या माणसाशी घासाघीस करणाऱ्या आजच्या प्रवाशाच्या मनात कधी कधी हीच शंका येते. ती सर्वस्वी न्याय्य नाही, हे पुढे दिसेलच.

हेच पोर्तुगीज १९६१ च्या १९ डिसेंबरपर्यंत गोव्यात होते. साताऱ्याच्या माणसाला खऱ्या अर्थाने परदेशाची सीमा सर्वात जवळ होती ती हीच, आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीच्या पुढची. पलीकडे मराठी-कोंकणी बोलणारे, आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांतले लोक. कायदा मात्र लिस्बनचा. १९५५ च्या ऑगस्टमधील सत्याग्रहावर गोळीबार झाल्यानंतर ही वाट जवळजवळ बंदच झाली. मग विम्याचा प्रश्नच संपला. सीमा बंद असली की विमा लागत नाही. ती उघडी असली तरच लागतो. हे आम्ही विद्यार्थ्याच्या वडिलांना सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

मोटार आली आणि जोखमीचे रूपच पालटले. हुंडेकऱ्याला भीती होती माल लुटला जाण्याची, म्हणजे आपल्या नुकसानीची. मोटारीने नवी भीती आणली, ती आपण दुसऱ्याचे नुकसान करण्याची. परगावचा माणूस भरधाव येतो, कोणाला तरी उडवतो आणि हद्दीबाहेर निघून जातो. जखमीने दाद कोणाकडे मागायची? ब्रिटनने १९३० च्या कायद्याने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती तरतूद आली, पण अंमल सुरू झाला १ जुलै १९४६ रोजी. त्या वेळी सातारा जिल्ह्याच्या पोटात औंध, फलटण, सांगली, मिरज अशा संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तेथे आपोआप लागू होत नव्हता. ही संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी, आणि मग वारणेचा पूल कायद्यानेही साधा पूल झाला.

येथे थोडे विषयांतर करतो. विमा हा मुंबईकरांचा धंदा, आपल्याकडे तो उशिरा आला, असे आमचे काही सहकारी म्हणतात. त्यांना सांगायला हवे की १९१३ साली खुद्द साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली होती, आणि १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात ती आयुर्विमा महामंडळात विलीन होईपर्यंत ती नावारूपाला आलेली होती. ती आयुष्याचा विमा उतरवीत असे, गाडीचा नव्हे, हे खरे. पण अनोळखी माणसांनी एकमेकांची जोखीम वाटून घ्यायची, ही कल्पना या जिल्ह्याला परकी नव्हती, एवढेच सांगायचे आहे.

युरोपात देश लहान आणि सीमा जवळ. त्यामुळे परक्या गाडीने केलेल्या अपघाताचा प्रश्न तेथे तातडीचा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाने एक शिफारस केली आणि १ जानेवारी १९५३ पासून 'ग्रीन कार्ड' पद्धत सुरू झाली. तिची घडण पाहिली की हुंडी आठवते. प्रत्येक देशात विमा कंपन्यांची एक मध्यवर्ती पेढी. पाहुण्या गाडीने अपघात केला तर जखमीला भरपाई देते तेथील पेढी, आणि मग ती रक्कम वसूल करते गाडीच्या मायदेशातील पेढीकडून. पुण्यात लिहिलेली हुंडी सुरतेला वटायची ती याच विश्वासावर. जखमी शेतकऱ्याला परक्या भाषेतल्या कंपनीशी पत्रव्यवहार करावा लागत नाही. आमच्या मते गेल्या शतकातील ही एक शहाणपणाची व्यवस्था आहे, आणि तिच्याविषयी मराठीत फारसे कोणी लिहिलेले नाही.

भारत या पद्धतीत नाही. आपल्या पॉलिसीची हद्द भारतापुरती असते. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकानुसार जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या सहा देशांपर्यंत वाढवता येते. (कागदावर पाकिस्तान आहे. अटारीचा नाका २०२५ च्या एप्रिलमध्ये बंद झाला. विम्याला जाता येते, गाडीला नाही.) त्यापलीकडे जायचे तर त्या त्या देशाच्या सीमेवर ठराविक दिवसांचा विमा घ्यावा लागतो. म्हणजे वडिलांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की येथे भरलेला विमा तेथल्या जखमीच्या उपयोगाचा नाही. तो सीमेवरचा कागद आपल्यासाठी नसतोच, आपल्या चाकाखाली येऊ शकणाऱ्या परक्या माणसासाठी असतो. कार्ताझहून तो वेगळा ठरतो तो येथे.

दुसरा प्रश्न जामिनाचा. बँकेची हमी लागते ती विम्यासाठी नव्हे, 'कार्ने' नावाच्या पुस्तिकेसाठी. गाडी तात्पुरती देशात आणली, विकली नाही, परत नेली, याची ती नोंदवही. तिच्या प्रत्येक पानाचे तीन भाग: एक आत येताना चौकीत राहतो, एक बाहेर पडताना, आणि तिसरा शिक्क्यांसह पुस्तिकेत उरतो. इराणसारख्या देशात ती लागते, युरोपात सहसा लागत नाही. गाडी परत गेली नाही तर जकात भरण्याची जबाबदारी पुस्तिका देणाऱ्या मोटार संघावर येते, आणि म्हणून तो संघ आपल्याकडून अनामत किंवा हमी घेतो. मुंबईत हे काम वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन करते. जुन्या भाषेत सांगायचे तर सीमेवरचा विमा हा माल जामीन आणि कार्ने हा हाजीर जामीन. फक्त हजर राहायचे ते माणसाने नव्हे, गाडीने.

"म्हणजे संशय पोरावर नाही, गाडीवर हाय," वडील म्हणाले. आम्ही होकार दिला.

पण त्यांचा खरा प्रश्न त्यानंतर आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून इंग्लंडपर्यंत गेलेल्या एका मराठी स्वाराची मोटारसायकल नॉटिंगहॅममध्ये भरदिवसा चोरीला गेली. ती बातमी त्यांनी वाचली होती. "गाडीच चोरीला गेली, तर हजर कोण करणार?" हमीसाठी बँकेकडे ठेवायची होती तारळीकाठची सव्वा एकर बागायत. तृतीय पक्षाचा विमा चोरी भरून देत नाही. चोरीचा विमा वेगळा, आणि परक्या गाडीला तो सीमेवर सहजी मिळत नाही. परतीचा शिक्का नसेल तर हमी सामान्यतः मोकळी होत नाही. पोलिसांकडील फिर्यादीचा दाखला उपयोगी पडू शकतो, पण तो पुरेल की नाही हे जकात खाते ठरवते. हुंडेकऱ्याच्या काळात निदान वाद घालायला समोर एक माणूस होता, असे आम्हांला त्या क्षणी वाटून गेले. बोललो मात्र नाही.

मुलगा गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, कार्ने लागणारे देश वगळून जाता येईल का, ते बघतो." नकाशा पुन्हा टेबलावर पसरला गेला. वडिलांनी चष्मा चढवला आणि बोट ठेवले ते नेपाळवर. तेथे दिवसाप्रमाणे भन्सार भरला की गाडी आत जाते, जामीन लागत नाही, हे त्यांनी आमच्याकडून दोनदा विचारून घेतले.