पैसे सातावर आले

करोनाच्या काळात सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे टाकले, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला आज विचारायचंय ते जरा वेगळं. ते पैसे देताना सरकारने शेतकरी म्हणून ओळखलं कोणाला? तत्त्वज्ञानाच्या माणसाला व्याख्या तपासायची खोड असते. इथे ती कामाला येईल.

आधी हकिकत. २६ मार्च २०२० रोजी केंद्राने गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यात पीएम-किसानचे दोन हजार रुपये एप्रिलच्या सुरुवातीलाच देऊ, असं ठरलं. ही रक्कम नवी नव्हती. २०१९ पासून वर्षाला जे सहा हजार मिळत होते, त्यातलाच एक हप्ता लवकर दिला, एवढंच. मदत म्हणून जाहीर झालं ते खरं तर आपलंच येणं होतं!

आता भोर-वेल्ह्याकडे या. भात, नाचणी, वरई ही इथली पावसाळी पिकं. एप्रिलमध्ये खाचरं रिकामी असतात. विहिरीवरचा थोडा भाजीपाला, दूध आणि पुण्यात किंवा शिरवळच्या कारखान्यात कामाला गेलेल्या मुलाचा पगार, यावर घर चालतं. त्या महिन्यात पुण्याचा मार्केट यार्ड काही काळ बंद पडला, कारखाने थांबले, मुलं घरी परतली. नुकसान झालं, पण वावरात दिसणारं नाही. जूनमध्ये ‘निसर्ग’ वादळाने छपरं उडवली, तेव्हा तलाठ्याला पंचनामा करता आला. विषाणूचा पंचनामा कसा करणार? म्हणून सरकारने कागद पाहिला.

आणि कागद म्हणजे सातबारा. नमुना सात हक्काचा, नमुना बारा पिकांचा. पैसे सातावर आले, बारा कोणी उघडून पाहिलाच नाही. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावावर लागवडीलायक जमीन, तो शेतकरी. खंडाने किंवा अर्धेलीने दुसऱ्याचं रान करणारा यात बसत नाही. धरणाचं पाणी ओसरल्यावर गाळपेर करणाराही नाही. उलट शहरात राहणारा, आयकर भरत नसलेला खातेदार बसतो, मग त्याने दहा वर्षांत बांधावर पाऊल ठेवलेलं नसलं तरी.

हे काही पूर्वापार असंच नव्हतं. १८७५ च्या दंग्यांनंतर इंग्रज सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे त्याचे जिल्हे. त्यात शेतकरी कोण? ज्याची उपजीविका पूर्णपणे किंवा मुख्यतः शेतीवर, तो. व्याख्या पोटावरून केली होती. (भोर-वेल्ह्याचा मोठा भाग तेव्हा पंतसचिवांच्या संस्थानात होता, तो १९४८ पर्यंत.) मार्च २०२० मध्ये आपण १८९७ चा साथरोग कायदा पुन्हा बाहेर काढला. १८७९ ची व्याख्या मात्र कोणाला आठवली नाही.

मग कसणारा कागदावरून गेला कुठे? आमच्या मते याचं उत्तर १९४८ च्या कूळ कायद्यात आहे. १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन धरून कुळाला मालक मानलं, ही मोठी गोष्ट झाली. पण त्यानंतर जमीनवाला सावध झाला. वाट्याने रान द्यायचं ते तोंडी, कुठे नाव लागू द्यायचं नाही. कसणाऱ्याच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याच्या धाकानेच पुढचा कसणारा अलिखित राहिला. तो चुकार नव्हता की आळशी नव्हता. त्याचं नाव लिहिण्यात मालकाला धोका होता आणि लिहा म्हणण्यात त्याला स्वतःला, कारण पुढच्या साली रान मिळालं नसतं.

चूक दुरुस्त झाली, पण दुसऱ्याच टोकाची. आयकर भरणाऱ्या खातेदारांनी हप्ते घेतल्याचं निघालं, तेव्हा वसुलीच्या नोटिसा तहसीलमधून गेल्या. यादीत घुसलेले शोधायला यंत्रणा होती. यादीबाहेर राहिलेल्यांना शोधायला नव्हती. २०२३ साली राज्याने ‘नमो शेतकरी’ योजनेतून आणखी सहा हजार द्यायचं ठरवलं, तेही पीएम-किसानच्याच यादीवरून.