‘सी’ भाषेतील नवीन ओळीच्या चिन्हाचा शोध : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
संगणकीय मजकुरातील ओळ नेमकी कोठे संपते, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि ‘सी’ भाषेत अक्षरमालेतील नवीन ओळीचे चिन्ह शोधण्याच्या पद्धतीमागे दूरमुद्रकापासून संगणक-सुरक्षेपर्यंतचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेतला आहे.

चिन्हाचा उगम :
१९६३ मध्ये आलेल्या ‘टेलिटाइप मॉडेल ३३’ या दूरमुद्रकास नव्या ओळीसाठी दोन आज्ञा लागत : मुद्रणशीर्ष डावीकडे नेणे आणि कागद एक ओळ सरकविणे. आस्की संकेतावलीत त्यांना अनुक्रमे १३ व १० हे क्रमांक मिळाले. मल्टिक्स प्रणालीने मजकुरात केवळ १० हा संकेत ठेवला. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडलेल्या युनिक्सने आणि तेथेच डेनिस रिची यांनी विकसित केलेल्या ‘सी’ने हीच परंपरा स्वीकारली. १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये मात्र दोन्ही संकेत कायम राहिले. त्यामुळे डॉसमधील फाइल युनिक्सवर वाचताना १३ हा संकेत ओळीअखेर शिल्लक राहतो.

दोन फलने, दोन परिणाम :
‘गेट्स’ हे फलन ओळ वाचून नवीन ओळीचे चिन्ह टाकून देई; परंतु उपलब्ध जागेची मर्यादा त्यास सांगण्याची सोयच नव्हती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्मने याच उणिवेचा लाभ घेतला. ‘फिंगर’ सेवेतील ५१२ बाइटच्या जागेत त्याने ५३६ बाइट पाठविले. अखेर २०११ च्या प्रमाणकातून ‘गेट्स’ वगळण्यात आले.

‘एफगेट्स’ मर्यादा पाळते आणि चिन्हही राखून ठेवते. म्हणूनच ते शोधून काढण्याचे काम प्रोग्रामरकडे येते. ‘स्ट्रसीएचआर’ फलन चिन्हाचा पत्ता देते. त्या जागी शून्य संकेत ठेवला की अक्षरमाला तेथेच संपते. चिन्ह न आढळल्यास ‘नल’ मिळते. ही तपासणी न करता त्या पत्त्यावर लिहिल्यास प्रोग्राम कोसळू शकतो. ‘स्ट्रसीस्पॅन’ पत्त्याऐवजी स्थानक्रमांक देत असल्याने हा धोका टळतो.

निष्कर्ष :
चिन्ह न सापडणे हीदेखील माहितीच होय : एकतर ओळ जागेपेक्षा लांब आहे, किंवा फाइलची अखेरची ओळ चिन्हाविना संपली आहे. ‘गेट्स’ हा पुरावाच नष्ट करीत असे. अध्यापनात हे चिन्ह केवळ पुसावयास न शिकविता त्याच्या अभावाचा अर्थही समजावून देणे आवश्यक ठरते.