सूत्रपात : वास्तूच्या आखणीची परंपरा आणि आपला सीमाभाग

देवदर्शनास आलेला भाविक प्रथम शिखराकडे पाहतो, मग उंबरठा ओलांडून गाभाऱ्यातील मूर्तीपुढे नतमस्तक होतो. पायाकडे कोणाचीही दृष्टी जात नाही, कारण तो जमिनीत गेलेला असतो. आणि पाया खणण्यापूर्वी भूमीवर ज्या रेषा आखल्या गेल्या, त्यांची तर खूणही मागे उरत नाही. खुंट्या उपटल्या जातात, दोरी गुंडाळून ठेवली जाते, चुन्याची फक्की पहिल्या कुदळीबरोबर मातीत मिसळून जाते. तथापि गाभाऱ्याचे तोंड कोणीकडे असावे, सभामंडपाचे खांब कोठे उभे राहावेत, शिखराचा भार कोणत्या भिंतींवर यावा, ह्या सर्वांचा निर्णय त्या लुप्त झालेल्या रेषांनीच केलेला असतो. ह्या पहिल्या कर्मास आपल्या पूर्वजांनी ‘सूत्रपात’ असे नाव दिले. पुढे कोणत्याही कार्याच्या आरंभास तो शब्द लावण्यात येऊ लागला, हे त्या कर्माच्या महत्त्वाचेच गमक होय. मठाच्या वर्धापनानिमित्त निघणाऱ्या ह्या ग्रंथात त्याचे स्मरण करणे अप्रस्तुत ठरणार नाही, अशी आशा आहे.

सूत्रपातापूर्वी भूमीची परीक्षा होत असे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त तिची सोपी रीत सांगितली आहे. एक हात लांब, रुंद व खोल असा खड्डा खणावा आणि निघालेल्या मातीनेच तो पुन्हा भरावा. माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर भरली तर मध्यम आणि कमी पडली तर त्याज्य. दुसरी रीत अशी की, खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जाऊन परत यावे व पाणी कितपत मुरले ते पाहावे. निपाणीच्या बाजूची काळी जमीन ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ह्या परीक्षेचे मर्म वेगळे सांगावयास नको. ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून तेथील गवंडी मुरूम लागेपर्यंत खणल्यावाचून पाया धरीत नाही. बेळगाव-खानापूरकडील तांबडी, जांभ्याची जमीन त्या मानाने स्थिर असते. भूमी ओळखल्याशिवाय तिच्यावर रेषा ओढू नये, हा ह्या शास्त्राचा पहिला दंडक होय.

भूमी समतल केल्यावर दिशा साधावयाची. पूर्व म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू, एवढे ढोबळ ज्ञान येथे पुरत नाही. सूर्य ठीक पूर्वेस वर्षातून दोनच दिवस उगवतो. ह्यासाठी कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेली युक्ती पुढील शिल्पग्रंथांनीही स्वीकारली. समतल भूमीवर एक सरळ शंकू रोवावा आणि त्याच्या उंचीइतक्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी शंकूची छाया लांब असते. ती आखडत आखडत तिचे टोक पश्चिमेकडून वर्तुळाच्या रेषेस स्पर्श करते, तेथे खुंटी मारावी. दुपारनंतर छाया वाढू लागून पूर्वेकडे रेषा ओलांडते, तेथे दुसरी खुंटी मारावी. दोन्ही खुंट्यांस जोडणारे सूत्र म्हणजे प्राची, अर्थात शुद्ध पूर्वपश्चिम रेषा. त्या दोन खुंट्यांवरून समान दोरीने कंस काढले असता ते जेथे एकमेकांस छेदतात, त्या बिंदूंस जोडले म्हणजे दक्षिणोत्तर रेषा मिळते. आपल्या ह्या भागात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पूर्वार्धात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात दुपारची छाया दक्षिणेस पडते. तरीही ही रीत चुकत नाही, कारण ती छायेच्या बाजूवर अवलंबून नसून सकाळ व दुपार ह्यांच्या समतोलावर उभी आहे. चुंबकाची सुई मात्र खऱ्या उत्तरेपासून किंचित ढळते आणि तो ढळ काळाबरोबर बदलतो. ज्यांच्यापाशी सुई नव्हती, त्यांच्या दिशा ह्या छायेने साधल्या.

दिशेनंतर काटकोन. बौधायनाच्या शुल्बसूत्रात तीन, चार व पाच. पाच, बारा व तेरा. अशा मापांच्या त्रिकोणांचा निर्देश आहे. पुढे भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मधील ‘लीलावती’त भुज, कोटी व कर्ण ह्यांचे गणित आणि छायाव्यवहार अत्यंत सुगम रीतीने मांडले. ग्रंथ न वाचलेला आपल्याकडील गवंडीही तेच करतो. एका बाजूस तीन हात, दुसरीस चार हात मोजून समोरचे अंतर पाच हात भरते की नाही हे पाहतो, आणि मग गुण्या लावतो. चारही कोपरे झाल्यावर तो दोन्ही कर्ण मोजतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या असूनही चौकोन तिरका असू शकतो. दोन्ही कर्ण सारखे भरले, तरच तो शुद्ध. हा शेवटचा मोजदादीचा क्षण फार मोलाचा आहे. चाळीस फुटांच्या भिंतीत एका अंशाची चूक राहिली, तर तिचे दुसरे टोक आठ इंचांहून अधिक सरकते. आखणीच्या वेळी ही चूक खुंटी हलवून सुधारते. जोते झाल्यावर तिला भिंत पाडावी लागते. आणि शिखर चढल्यावर तिला उपायच उरत नाही.

म्हणूनच प्राचीनांनी ह्या कर्मास धर्मविधीचे गांभीर्य दिले असावे. ‘मयमता’त वास्तू उभारणाऱ्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. त्यांत स्थपतीच्या खालोखाल मान सूत्र धरणाऱ्याचा आहे. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त नाट्यगृहाच्या आखणीचे सूत्र न तुटणारे असावे, असे बजावून सूत्र तुटल्यास स्वामीवर अरिष्ट येते, असे म्हटले आहे. ह्यातील शकुनाचा भाग बाजूस ठेवला, तरी व्यवहाराचा बोध स्पष्टच आहे. जी दोरी तुटते वा ताणली जाते, तिच्यावर घेतलेले माप विश्वासार्ह नसते. चौसष्ट वा एक्याऐंशी पदांच्या वास्तुमंडलात रेषा जेथे मिळतात, ती मर्मस्थाने मानून त्यांवर खांब वा भिंत येऊ देऊ नये असा नियम होता. त्यामुळे एकही खांब उभा करण्यापूर्वी संपूर्ण वास्तू भूमीवर पाहून घेणे कर्त्यास भागच पडे.

ह्या विद्येची साक्ष आपल्या परिसरात पावलोपावली आहे. खानापूर तालुक्यातील हलशी, म्हणजे कदंबांची पलाशिका. तेथील भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर असून दोन देवता एकाच रेषेवरून एकमेकींकडे पाहतात. अशा रचनेत मध्यसूत्र रेसभर ढळले, तरी ते दर्शनातच उघडे पडते. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य ह्याचा मंत्री बीचिराज ह्याने इ. स. १२०४ च्या सुमारास बांधली. तिच्या मंडपाच्या छतातील पाषाणकमळ प्रसिद्धच आहे. त्याच्या पाकळ्या चहूबाजूंनी समान उलगडतात, त्याचे कारण खालचे खांब आधी समान अंतरावर रोवले गेले. आणि कृष्णातीरी खिद्रापूरचा कोपेश्वर! यादव राजा सिंघण ह्याचा इ. स. १२१३-१४ चा शिलालेख असलेल्या ह्या देवालयाचा स्वर्गमंडप वर्तुळाकार असून मधोमध आकाशास खुला आहे. आतील बारा खांबांच्या वर्तुळावर ते गवाक्ष तोलले आहे आणि बरोबर त्याखाली भूमीवर तेवढीच वर्तुळाकार शिळा बसविली आहे. वरचे वर्तुळ व खालचे वर्तुळ एका ओळंब्यात आहेत. ज्या कारागिराने एक खुंटी रोवून दोरी फिरविली, त्याने जणू भूमीवर आकाशाचीच मर्यादा आखून ठेवली. कोपेश्वरापुढे नंदी नाही. तो येडूरास आहे, अशी लोकश्रद्धा आहे. आज खिद्रापूर महाराष्ट्रात आणि येडूर कर्नाटकात आहे. भाविक मात्र दोन्हीकडे जातात.

आपल्या भागातील बांधकामावर दोन भाषा सहज एकत्र नांदतात. एक जण खुंटी म्हणतो, दुसरा गूट. एक दोरी म्हणतो, दुसरा हग्ग. पाया हा शब्द तर ‘अडिपाय’ होऊन कन्नडातही बसला आहे. सूत्र ताणावयास दोन टोकांस दोन माणसे लागतात. त्यांपैकी एक मराठी व एक कन्नड बोलणारा असला, म्हणून कर्णाचे माप कधी चुकलेले नाही.

शेवटी एक गोष्ट नम्रपणे सुचवावीशी वाटते. जीर्णोद्धाराचा उत्साह आज सर्वत्र आहे आणि तो स्तुत्यच आहे. परंतु अनेक ठिकाणी जुन्या देवालयास नवा सभामंडप जोडताना मूळ मध्यसूत्र कोणी शोधीत नाही. नव्या फरशीखाली जुनी जोत्याची पातळी गाडली जाते, दारे एका रेषेत राहत नाहीत, पावसाचे पाणी उलट गाभाऱ्याकडे वळते. हे अश्रद्धेने घडते असे नव्हे. श्रद्धेला मापाची जोड नसते, म्हणून घडते. ज्यांनी मूळ वास्तू आखली, त्यांची नावे बहुधा कोठेही कोरलेली नाहीत. त्यांचे सूत्र पुन्हा शोधून काढणे, हेच त्यांचे खरे स्मरण होय. तेव्हा जुन्या वास्तूस हात लावण्यापूर्वी गाभाऱ्याचा मध्य, दारांची रेषा, जोत्याची पातळी आणि दोन्ही कर्ण मोजून नकाशावर उतरवावेत. त्या नकाशाची एक प्रत मठाच्या दप्तरात राहावी आणि कायमच्या खुणेचे दगड आवारात रोवून ठेवावेत. हे काम एका दिवसाचे आहे, खर्च दोरीचा व चुन्याचा आहे. परंतु त्यायोगे पुढील पिढीतील गवंडी जेव्हा खुंटी रोवील, तेव्हा ती आठशे वर्षांपूर्वीच्या सूत्रावरच रोवली जाईल.