‘मृच्छकटिक’ नेमके कोणाचे?

चारुदत्त आणि वसंतसेना यांची गोष्ट बहुतेक मराठी घरांत पोहोचली ती गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्या ‘संगीत मृच्छकटिक’मुळे. मूळ संस्कृत नाटक दहा अंकी असून ते राजा शूद्रकाच्या नावावर आहे. परंतु हे नाव पूर्वीपासून वादात आहे.

शंकेचे पहिले कारण नाटकातच आहे. प्रस्तावनेत शूद्रकाच्या विद्वत्तेची स्तुती आहे आणि तो शंभर वर्षे दहा दिवस जगून अग्निप्रवेश करता झाला, असेही सांगितले आहे. स्वतःच्या मृत्यूची हकीकत लेखक कशी लिहील? निदान हा भाग तरी दुसऱ्याने घातला असावा. दरबारी कवीने नाटक लिहून राजाचे नाव दिले असावे, असेही काही अभ्यासक मानतात.

दुसरे कारण केरळातून आले. त. गणपतिशास्त्री यांनी तेथे सापडलेली तेरा संस्कृत नाटके १९१२ पासून त्रिवेंद्रम येथे छापली. हस्तलिखितांवर नाटककाराचे नाव नव्हते. शास्त्रींनी ती कालिदासाने गौरवलेल्या भासाची ठरवली. त्यांतील चार अंकी ‘चारुदत्त’ आणि ‘मृच्छकटिका’चे पहिले चार अंक फारच मिळतेजुळते आहेत. मात्र आर्यकाच्या बंडाचे उपकथानक ‘चारुदत्ता’त नाही.

मग कोणी कोणाचे घेतले? वि. सी. सुखठणकर यांनी प्राकृत भाषा, वृत्ते, नाट्यतंत्र आणि प्रसंग ताडून पाहिले. ‘चारुदत्ता’तील पाठ अधिक जुना असून त्यावरून ‘मृच्छकटिक’ वाढवले गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता. उलट, केरळच्या चाक्यार नटांनी प्रयोगासाठी जुनी नाटके आटोपशीर केली, असे दुसरा पक्ष म्हणतो. पुण्यात चिं. रा. देवधर यांनी १९३७ साली ही तेरा नाटके एकत्र छापली, तेव्हा इंग्रजी शीर्षकात त्यांना ‘भासाच्या नावावर असलेली’ एवढेच म्हटले.

बँकेत आम्ही चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहत असू. भासाची अडचण हीच, की त्याच्या नावाची अशी निर्विवाद नमुना सहीच नाही. जी नाटके तपासायची, तीच नमुना म्हणून वापरावी लागतात. स्पेनमध्येही डॉन हुआनचे मूळ नाटक तिर्सो दे मोलिनाचे की आंद्रेस दे क्लारामोंतेचे, हा वाद आहे.

आपल्या कार्यक्रमपत्रिकेत मग काय छापावे? ‘मूळ संस्कृत : शूद्रकाच्या नावे प्रसिद्ध, मराठी संगीत नाटक : गोविंद बल्लाळ देवल.’ नाट्यगीतांच्या कार्यक्रमात गायकाचे नाव ठळक असते आणि देवलांचे पुष्कळदा राहून जाते. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा वाद आपल्या हाती मिटणार नाही. देवलांबद्दल मात्र वाद नाही, तेव्हा त्यांचे श्रेय विसरण्याला निमित्तही नाही.