कुटुंब कोणाला म्हणावे?

जुन्या पिढीतला गृहस्थ ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ असे म्हणे, तेव्हा त्याचा अर्थ बायको एवढाच असे. तो अर्थ मराठीने हळूहळू मागे टाकला. पण २०२० साली मला तो जवळजवळ तसाच भेटला, आणि तोही ऑस्ट्रेलियाच्या सरकारी नियमांत!

करोनाच्या साथीमुळे त्या देशाने २० मार्च २०२० रोजी परक्यांना दार लावले. नागरिक, कायमचे रहिवासी आणि त्यांचे निकटचे कुटुंबीय यांना तेवढी मुभा होती. निकटचे म्हणजे पतिपत्नी, जोडीदार, अवलंबून असलेली मुले आणि कायदेशीर पालक. वयात आलेल्या लेकीची आई त्यात बसत नव्हती. तिने खास सवलत मागायची. मिळालीच, तर चौदा दिवस हॉटेलात स्वतःला कोंडून घ्यायचे.

आमच्या शेजारच्या काकूंची लेक मेलबर्नची कायम रहिवासी. तिचे पहिले बाळंतपण नेमके याच काळात झाले. काकूंना नात दिसली ती मोबाइलच्या काचेवर. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते; तरी मास्तर म्हणून अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. नियम समजावून दिला, तेव्हा काकू म्हणाल्या, “अहो मास्तर, आई कुटुंबात नाही, तर मग बाळंतिणीला बघायचे कोणी?” या प्रश्नाला अर्जात रकाना नव्हता.

पुढे भारतात दुसरी लाट आली. ३ मे २०२१ पासून त्या सरकारने इथून परतणाऱ्या आपल्याच नागरिकांनाही मज्जाव केला. मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड! तो हुकूम १५ मेला संपला, पण काकूंनी महिनाभर अर्जाचे नाव काढले नाही.

अखेर १ नोव्हेंबर २०२१ पासून नागरिकांचे आणि कायम रहिवाशांचे आईबाप ‘निकटचे’ ठरले. तात्पुरत्या परवान्यावरच्या मुलांचे आईबाप मात्र तेव्हाही बाहेरच राहिले. काकूंनी घेतलेल्या कोव्हॅक्सिनलाही त्याच दिवशी मान्यता मिळाली.

आता नाते सिद्ध करायचे होते. जन्मदाखल्यावर लेकीचे माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. त्यात सासरी पहिले नावही बदललेले. आमच्याकडे लग्नात बाईचे नाव तांदळात नव्याने लिहितात, हे परक्या अधिकाऱ्याला कसे पटवावे? कादंबऱ्या लिहिल्या आहेत मी. पण त्या अर्ध्या पानाला मला तीन रात्री लागल्या. सोबत दाखल्याचे इंग्रजी भाषांतर आणि प्रतिज्ञापत्र जोडले.

डिसेंबरात काकू गेल्या. तोवर नात धावू लागली होती.