ओकलँडची न्याहारी आणि लेकरांचे हिप हॉप

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो. गेल्या वर्षी तिसरीतल्या एका मुलीने विचारले, "दादा, हे गाणं शाळेत म्हटलं तर चालेल का?" गाणे भीमरायाचे होते. आठ वर्षांच्या मुलीला कुणीही न सांगता कळले होते की काही गाणी 'सगळ्यांची' असतात आणि काही फक्त 'आपली'.

तरीही भली माणसे म्हणतात, "लेकरांच्या डोक्यात आतापासून जात कशाला घालता?" जणू आपण गप्प बसलो तर मुलाला जात कळणारच नाही! बाबासाहेबांना ती गाण्यातून कळली नव्हती. शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसताना आणि १९०१ साली गोरेगावच्या प्रवासात पाण्यावाचून रात्र काढताना ती कळली. तेव्हा त्यांचे वय होते नऊ वर्षे. अन्याय मुलाला कळतोच. त्याला उत्तर देणारे शब्द त्याच्याजवळ आहेत का, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वीच काम सुरू केले. जानेवारी १९२० मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि जेसी फॉसेट यांनी 'द ब्राउनीज बुक' हे कृष्णवर्णीय मुलांसाठीचे मासिक काढले. आपल्या मुलांना आपल्या रंगाची लाज वाटू नये, हा त्यामागचा हेतू. मासिक दोनच वर्षे चालले, पण पायंडा पडला. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य नोंदवले होते.

पुढचा टप्पा कॅलिफोर्नियातील ओकलँड. १९६६ मध्ये याच शहरात ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली. १९७२ च्या आपल्या दलित पँथरने नाव घेतले ते तिच्यावरून. पँथर म्हटले की आपल्याला बंदूक आणि काळे जाकीट आठवते. पण जानेवारी १९६९ मध्ये त्यांनी ओकलँडच्या एका चर्चमध्ये शाळकरी मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. एफबीआयचे प्रमुख हूवर यांना धास्ती वाटली ती या न्याहारीचीही. पुढे १९७३ ते १९८२ पँथरांनी स्वतःची शाळाही चालवली. चळवळ टिकवायची तर लेकरांपासून सुरुवात करावी लागते, हे त्यांना उमगले होते.

त्याच १९७३ च्या ११ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा उघडणार होत्या, नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ होता, डीजे कूल हर्क. हिप हॉपचा जन्मदिवस म्हणून जग हाच दिवस मानते. म्हणजे हिप हॉपच्या मुळाशीही गरीब मुलीच्या शाळेच्या कपड्यांची चिंता आहे!

या दोन्ही धारा पुढे ओकलँडमध्येच एकत्र आल्या. तिथल्या 'अल्फाबेट रॉकर्स' या गटाने २०१७ मध्ये 'राइज शाइन वोक' हा मुलांसाठीचा हिप हॉप अल्बम काढला. वर्णभेदाविषयी तो मुलांशी थेट बोलतो. त्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. पण २०२० च्या अखेरीस बालसंगीताची पाचही नामांकने गोऱ्या कलावंतांना गेली. त्यांपैकी तिघांनी निषेध म्हणून आपली नामांकने परत केली. त्यांचे कौतुक आहेच. पण पुढचे काम कृष्णवर्णीय कलावंतांनी स्वतः केले. ते संघटित झाले आणि २०२१ मध्ये 'ऑल वन ट्राइब' हा सामूहिक अल्बम आणला. २०२३ मध्ये अल्फाबेट रॉकर्सच्या 'द मूव्हमेंट'ने ग्रॅमी जिंकले. दुसऱ्याने खुर्ची रिकामी केली म्हणून आपोआप न्याय होत नाही. संघटित व्हा, हे बाबासाहेबांनी उगाच सांगितले नाही.

कुणी म्हणेल, रॅपमध्ये शिव्या असतात, बाईचा अपमान असतो. बाजारातल्या पुष्कळ रॅपमध्ये असतो, हे खरेच. पण दोष बाजाराचा आहे, तालाचा नाही. तमाशाचाच बाज घेऊन त्यातले बीभत्स टाकून आपल्या लोकांनी आंबेडकरी जलसा उभा केला होता ना? ओकलँडच्या कलावंतांनी वेगळे काय केले?

आता आपल्याकडे पाहू. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादांच्या गीतांपर्यंत आपली परंपरा मोठी आहे. आजची तरुण पोरे रॅपही करतात. पण हे बहुतेक सारे मोठ्यांसाठी आहे. जयंतीच्या मिरवणुकीत सहा वर्षांचे लेकरू मोठ्यांच्या गाण्यावर नाचते. त्याच्या वयाचे, त्याच्या तोंडी बसेल असे गाणे आपण किती लिहिले? चवदार तळ्याची गोष्ट, सावित्रीमाईंची शाळा, पंचशील हे मुलांच्या भाषेत, त्यांच्या तालात का येऊ नये?

यासाठी स्टुडिओ लागत नाही. मोबाईलवरचा बीट, विहाराची ओसरी आणि दर आठवड्याला दोन तास देणारा कार्यकर्ता पुरे. शब्द मुलांनाच जुळवू द्या, आपण फक्त इतिहास सांगायचा.

त्या मुलीला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज सांगेन : चालेल, बाळा. फक्त शाळेत म्हणायचं गाणं यावेळी तू लिही.

जयभीम!